रोजचं दुखणं की अधूनमधून येणारं? धंदा त्यावर बसवा



"सर, मला संधिवात आहे. मी धंदा करू शकते का?"

आजाराचं नाव बदलतं, पण हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतं. कधी दमा, कधी अर्धशिशी, कधी कंबर, कधी फीट. बहुतेक वेळा सगळे निघून गेल्यावर, खुर्च्या आवरताना, हळू आवाजात. आणि आम्हा ट्रेनर मंडळींचं एक उत्तर ठरलेलं असतं : "ताई, मनात आणलं तर काहीही अशक्य नाही. रोज पहाटे पाचला उठा. सातत्य ठेवा. बाकी सगळं आपोआप होतं."

हे उत्तर मीही कित्येक वर्षं दिलं. टाळ्याही घेतल्या. आज मी ते उत्तर मागे घेतोय. कारण ते आजारी माणसाच्या काही उपयोगाचं नाही, आणि काही वेळा त्यानं नुकसानच होतं. सोमवारी जोशात चार तास जास्त राबलेली ताई मंगळवारपासून तीन दिवस अंथरुणात असते आणि तिला वाटतं, माझ्यातच सातत्य नाही.

माझं मत सरळ आहे. धंदा करता येईल का, हे आजाराच्या नावावरून कळत नाही. तुमचा त्रास रोजचा आहे की अधूनमधून येणारा, यावरून कळतं. या दोन प्रकारच्या माणसांना दोन वेगळ्या प्रकारचे धंदे बसवावे लागतात. एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला तर तो बुडतो. आपल्याकडे सगळ्यांना एकच सल्ला दिला जातो, तिथेच गडबड आहे.

दोन प्रकार, एकदा नीट समजून घ्या

पहिला प्रकार रोजच्या दुखण्याचा. गुडघ्याची झीज, जुनी कंबरदुखी, आमवात. आमवात म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात तो संधिवात. यात सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात. झिजेच्या दुखण्यात हा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आमवातात मात्र बऱ्याचदा तासभर किंवा त्याहून जास्त वेळ राहतो. म्हणजे सकाळी सातला चहाच्या कपाचा कान धरता येत नाही, पण अकराला तेच हात बऱ्यापैकी चालतात. त्रास कमीजास्त होतो, पण पूर्ण जात नाही.

दुसरा प्रकार अधूनमधून येणाऱ्या त्रासाचा. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हे त्याचं ठळक उदाहरण. एक झटका औषधाविना साधारण ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकू शकतो. दमा, फीट, आतड्यांचे काही आजार, हेही पुष्कळांच्या बाबतीत असेच असतात. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची अनेक कुटुंबं आहेत. त्यातही काही आठवडे बरे जातात आणि मग वेदनेचा असा झटका येतो की माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं. झटका नसतो तेव्हा असा माणूस पाहणाऱ्याला बहुतेक वेळा इतरांसारखाच दिसतो.

तिसरा प्रकार मिश्र. रोज थोडं दुखतं आणि मध्येच भडका उडतो. आमवातातसुद्धा असे भडके येतातच. अशा लोकांना पुढचे दोन्ही भाग वाचायचे आहेत.

लोक या दोघांशी वागतात तेही वेगळं. अधूनमधून आजारी पडणाऱ्यावर विश्वास बसत नाही. "काल तर लग्नात छान हसत होतीस, आज काय झालं?" आणि रोज दुखणाऱ्याचं दुखणं घरातली माणसं विसरून जातात. रोजचं मढं, त्याला कोण रडं. ती ओट्याला टेकून उभी राहते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे मी कुठून शिकलो

पुस्तकातून नाही, घरातून. माझ्या बायकोला आमवात आहे आणि मला अर्धशिशी. एका घरात दोन्ही प्रकार.

माझी गोष्ट आधी सांगतो, कारण चूक माझी होती. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी बचत गटातल्या महिलांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. पहिला दिवस झकास गेला. रात्री जागरण झालं, जेवण राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला डावा डोळा आणि कपाळ ठणकायला लागलं. उजेड सहन होईना. उलट्या सुरू झाल्या. सकाळी दहाला चाळीस बायका हॉलवर येऊन बसल्या. त्यातल्या बऱ्याचजणी रोज बुडवून आल्या होत्या. मी लॉजच्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो होतो. दुपारी एकला त्या परत गेल्या. मी मानधन घेतलं नाही, पण त्यांचा बुडालेला रोज मी भरून देऊ शकलो नाही. आदल्याच दिवशी त्याच हॉलमध्ये मी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'सातत्य' लिहिलं होतं.

बायकोचं वेगळं. ती दिवाळीला फराळाच्या ऑर्डर घ्यायची. चकल्यांना मागणी जास्त. सोऱ्या दाबून दाबून तिची बोटं रात्री मिटायची नाहीत. तरी ती एकही दिवस चुकली नाही. ऑर्डर वेळेवर, ग्राहक खूष. पण दिवाळीच्या चार दिवसांत तिला स्वतःच्या केसांची वेणी घालता यायची नाही, ती मुलगी घालायची. पुढचा महिना-दीड महिना दुखणं वाढलेलं. जे कमावलं त्यातलं बरंचसं औषध आणि फिजिओथेरपीत जायचं.

एकदा आमचं यावरून भांडण झालं. ती म्हणाली, "अहो, तुमचं बरं आहे. तुमचं दुखणं थांबतं तरी." मी चिडून म्हणालो, "तुझंच बरं आहे. उद्या काय होणार ते तुला माहीत तरी असतं."

बोलून गेलो आणि दोघेही गप्प झालो. कारण दोघांचंही खरं होतं. तिला माहीत असतं की उद्याही दुखणार, फक्त सुटका नाही. मला सुटका मिळते, पण उद्याची खात्री नाही. मी तिला सांगायचो, "दोन दिवस विश्रांती घे, बरं वाटेल." दोन दिवस पडून राहिलं की तिचे सांधे उलट जास्त आखडायचे. ती मला सांगायची, "थोडं थोडं करत राहा, एकदम सोडू नका." झटक्यात थोडं थोडं काहीच होत नाही. आपापल्या दुखण्याचा सल्ला आम्ही एकमेकांना देत होतो.

त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी आपापलं काम नव्यानं बसवलं. पुढे जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

त्रास रोजचा असेल तर : चांगल्या दिवसावर हिशोब करू नका

रोज दुखणाऱ्या माणसाची नेहमीची चूक एकच. चांगला दिवस आला की तो सगळी थकलेली कामं त्या दिवशी उरकतो. मग पुढचे दोन-तीन दिवस त्याची भरपाई करावी लागते. फिजिओथेरपिस्ट याला आवर घालायला शिकवतात : दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, घड्याळ बघून थांबायचं. बरं वाटत असलं तरी थांबायचं. ऐकायला सोपं, करायला फार अवघड, कारण बरं वाटत असताना कोणाला थांबावंसं वाटतं?

बायकोनं आठ आठवडे वही ठेवली. रोज फक्त दोन आकडे : हातानं काम किती तास झालं आणि रात्री दुखणं दहापैकी किती. ५६ दिवसांनी आम्ही बघितलं. चांगल्या दिवशी ती सहा तास करत होती. पण दहापैकी आठ दिवस तिला दुखणं न वाढवता जमत होतं ते तीन तास. आम्ही धंद्यासाठी तीनचाच आकडा धरला. मागणी कितीही असो, रोजचं काम तीन तासांचं.

मग पुढचा प्रश्न आला, तीन तासांत काय विकायचं? तिनं चकली बंद केली आणि चकलीची भाजणी विकायला लागली. तांदूळ, डाळी, धणे, जिरं यांचं माप, निवड, वास घेऊन भाजणं कुठे थांबवायचं ते ठरवणं, हे तिचं कौशल्य. कढईत उलथणं चालवायला एक मावशी येतात, दळायला गिरणी आहे. सोऱ्या ग्राहक आपापल्या घरी दाबतो. मावशींची मजुरी धरून किलोमागे नफा चकलीपेक्षा कमी आहे, हे मी लपवणार नाही. पण वर्षाच्या बारा महिन्यांत ती विकता येते आणि दिवाळीनंतर दीड महिना औषधात जात नाही. वर्षाचा हिशोब केला तर हाच धंदा पुढे आहे.

दिवाळीची गर्दी असतेच. ती म्हणून गणपती गेले की तयारी सुरू करते. तांदूळ-डाळी धुवून वाळवणं, निवडणं, डबे भरणं, रोजचे तेच तीन तास. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती नवीन ऑर्डर घेत नाही.

रोज दुखणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी बघाव्यात.

एक, दिवसातली वेळ. सकाळी सांधे आखडत असतील तर नाश्त्याची गाडी किंवा सकाळचा डबा तुमच्यासाठी नाही. संध्याकाळचा डबा चालू शकेल. ठरावीक आठ-दहा डबे, रोज तेवढेच, हे रोज दुखणाऱ्या माणसाला मोसमी गर्दीच्या धंद्यापेक्षा बऱ्याचदा जास्त झेपतं.

दोन, पैसा यंत्रावर आधी, जाहिरातीवर नंतर. ओट्याची उंची, बसून काम करता येईल असं टेबल, पीठ मळायचं मशीन, पॅकेट सील करायचं मशीन. ज्या कामानं दुखणं वाढतं त्या कामाचं यंत्र पहिलं.

तीन, औषधाचं वेळापत्रक. आमवातासाठी पुष्कळांना मेथोट्रेक्झेट असतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे, रोज घ्यायचं नाही. काहींना त्यानंतरचा दिवस मळमळीचा, थकव्याचा जातो. बायको शनिवारी रात्री घेते आणि रविवार सुट्टीचा धरते. ग्राहकांना वाटतं, रविवारची दुकानं बंद असतात तसंच हे.

त्रास अधूनमधून येत असेल तर : आजाराचे दिवस आधीच विकत घेऊन ठेवा

आमच्या प्रकारची चूक उलटी. बरं वाटतं तेव्हा आम्हाला वाटतं, आता परत काही होणार नाही. मग आम्ही महिन्याचे सव्वीसच्या सव्वीस दिवस भरून टाकतो. झटका आला की सगळं कोसळतं. झटका येणार हे धरून चाला. फक्त तारीख माहीत नाही.

मी सहा महिने कॅलेंडरवर खुणा केल्या. महिन्याला तीन ते सहा दिवस वाया जात होते आणि सलग सर्वांत जास्त तीन दिवस. या दोन आकड्यांवर माझं सगळं काम बसलेलं आहे.

पहिला नियम : सर्वांत मोठा झटका जेवढे दिवस चालतो त्यात एक दिवस मिळवा, तेवढी उसंत प्रत्येक वायद्यात ठेवा. माझे तीन अधिक एक, चार. म्हणून कुठलाही प्रस्ताव मी "पाच दिवसांत देतो" म्हणतो. बहुतेक वेळा दोन दिवसांत देतो. लोक म्हणतात, सर वेळेच्या आधी देतात.

दुसरा नियम : साठा. चॅनेलवर दर गुरुवारी व्हिडिओ येतो. तो त्या आठवड्यात केलेला नसतो. चार व्हिडिओ नेहमी पुढे तयार असतात. झटक्यानंतर साठा तीनवर आला की बरं वाटल्यावर पहिलं काम तो पुन्हा चारवर नेणं. तुमचा माल असेल तर तो टिकणारा निवडा. मसाले, मेतकूट, कोरड्या चटण्या, पापड, शिवणकाम. उकडीचे मोदक चतुर्थीच्या सकाळीच लागतात, लग्नाचा केक मुहूर्तालाच लागतो. तिथे तुम्हाला आजारी पडायला जागाच नाही. माल जितके दिवस टिकतो, तितके दिवस तुम्हाला आजारी पडायची मुभा, असं समजा.

तिसरा नियम : पर्यायी माणूस आणि वही. आता प्रत्येक शिबिराला दुसऱ्या एका ट्रेनरची तारीख मी आधीच बांधून ठेवतो. त्याला न बोलावताही त्या तारखेचे थोडे पैसे देतो. हा मला विम्याचा हप्ता वाटतो. माझ्या वहीत शिबिराचा तासवार आराखडा आहे, कोणाला फोन करायचा ते आहे. तुमच्या वहीत कृती, माप, पुरवठादाराचा नंबर, कोणाची ऑर्डर बाकी, पेमेंटचा क्यूआर कोड कुठे आहे, हे सगळं हवं. झटक्यात तुम्हाला बोलवत नाही, तेव्हा वहीनं बोलायला हवं.

चौथा नियम : दर ठरवताना आजाराचे दिवस वजा करा. गाळ्याचं भाडं, वीज, हप्ता मिळून महिन्याचा ठरलेला खर्च १३,००० रुपये आहे असं धरा. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ५०० रुपये. पण तुमचे पाच दिवस जातात. २१ नं भागा, दिवसाला सुमारे ६१९ रुपये. हे ११९ रुपये दरात धरले नाहीत तर ते तुमच्या खिशातून जातात, आणि तुम्हाला वाटत राहतं की धंदा चालतो पण पैसा उरत नाही.

सुरक्षिततेचं एक सांगतो. फीट येत असेल तर तापल्या तेलाजवळ किंवा चालत्या यंत्राजवळ एकट्यानं उभं राहायचं काम निवडू नका. माल कितीही खपत असो.

कर्ज, विमा आणि कागदपत्रं

इथेही दोघांचं गणित वेगळं आहे. रोज दुखणाऱ्याचं उत्पन्न लहान पण सारखं असतं. तो यंत्रासाठी मुदत कर्ज घेऊन दर महिन्याचा ठरलेला हप्ता फेडू शकतो. अधूनमधून आजारी पडणाऱ्याचं उत्पन्न खालीवर होतं. त्यानं मोठा हप्ता अंगावर घेऊ नये. खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट मिळत असेल तर बघावं, कारण त्यात वापरलेल्या रकमेवरच व्याज लागतं. आणि कर्ज काढण्याआधी निदान दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला ठेवावी.

पीएमईजीपी योजनेत विशेष गटाला स्वतःचा वाटा ५ टक्के लागतो, सर्वसाधारण गटाला १० टक्के. अनुदानही विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के, सर्वसाधारण गटाला १५ आणि २५ टक्के. दिव्यांग व्यक्ती या विशेष गटात येतात. महिला तर सगळ्याच येतात, त्यासाठी ताईंना आजाराचा कागद लागत नाही. अर्ज करण्याआधी चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स त्यात आहेत. अर्धशिशी त्यात नाही. आमवात नावानं नाही, पण सांध्यांची हालचाल कायमची कमी झाली असेल तर तपासणी करून घेता येते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं.

आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. एजंट म्हणेल "लिहू नका, काही होत नाही." दावा करायची वेळ येते तेव्हा होतं. विमा नियामकानं २०२४ मध्ये आधीपासून असलेल्या आजारांची प्रतीक्षा मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली आहे. खरं लिहून तीन वर्षं थांबणं परवडतं, खोटं लिहून ऐन वेळी अडकणं परवडत नाही.

ग्राहकाला आजार सांगायचा का?

माझं मत : आजार सांगायची गरज नाही, नियम सांगा. "ऑर्डर पाच दिवसांत मिळेल." "रविवारी बंद." "दिवाळीच्या ऑर्डर अमुक तारखेपर्यंतच." ग्राहकाला तुमच्या सांध्यांशी घेणंदेणं नाही, दिलेला शब्द पाळला जातो की नाही याच्याशी आहे. आजार सांगून सवलत मागितली तर पहिल्या वेळी सहानुभूती मिळते, दुसऱ्या वेळी ऑर्डर दुसरीकडे जाते.

घरी मात्र सांगा, आणि वही दाखवून सांगा. "मला बरं वाटत नाही" याला घरचे सरावलेले असतात. "गेल्या महिन्यात बावीस दिवस दुखणं सहाच्या वर होतं" हे ऐकलं की माणसं थांबतात. आमच्या घरात तरी थांबली.

एक धोक्याची सूचना

अधूनमधून येणारं दुखणं रोजचं होऊ शकतं, आणि त्याला कधी कधी धंदाच कारण होतो. ऑर्डर आहे म्हणून गोळी, शिबिर आहे म्हणून गोळी. डोकेदुखीची साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र किंवा मायग्रेनची खास गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी त्या वाटेवर होतो. कॅलेंडरवर गोळ्यांच्याही खुणा केल्या तेव्हा कळलं आणि डॉक्टरांकडे गेलो. औषध कमी-जास्त करणं किंवा थांबवणं त्यांना विचारूनच. तुमच्या खुणा वाढत असतील तर आधी दवाखाना, मग धंद्याचा विस्तार.

म्हणून दर सहा महिन्यांनी वही पुन्हा बघा. प्रकार बदलला असेल तर धंद्याची मांडणीही बदला. मागच्या वर्षी जे झेपत होतं ते याही वर्षी झेपेलच असं नाही, आणि काही वेळा, चांगल्या उपचारानं, जास्तही झेपतं.

मग आजारी माणसानं नोकरीच का करू नये?

हा प्रश्न रास्त आहे. पगारी रजा मिळणारी नोकरी असेल तर ती उतावळेपणानं सोडू नका, असंच मी सांगेन. धंदा आजार बरा करत नाही. पण आपल्यापैकी किती जणांना अशी नोकरी आहे? एक दिवस गेलं नाही की पगार कापला, तीन दिवस गेलं नाही की दुसरा माणूस ठेवला, अशीच नोकरी जास्त जणांच्या वाट्याला येते. तिथे कामाची वेळ मालक ठरवतो. धंद्यात ग्राहकाला काय शब्द द्यायचा ते तुम्ही ठरवता. आजारी माणसासाठी धंद्याचा खरा फायदा मला हाच वाटतो, आणि नेमका तोच आपण "हो हो, उद्या देते" म्हणून घालवून बसतो.

सातत्याबद्दल मी आता एवढंच शिकवतो : जेवढा शब्द दिला तेवढा पाळणं. मग तो रोज तीन तासांचा असो, नाहीतर पाच दिवसांच्या वायद्याचा.

गृहपाठ सोपा आहे. आजच एक साधी वही घ्या. रोज रात्री दोन आकडे लिहा : काम किती तास, दुखणं दहापैकी किती. गोळी घेतली असेल तर एक खूण. आठ आठवडे. त्याआधी ॲडव्हान्स घेऊ नका, गाळा बघू नका, मशीन बुक करू नका. आठ आठवड्यांनी वही उघडा आणि तुम्ही कोणत्या प्रकारात आहात ते तुमचं तुम्हीच बघा.

आणि त्या चाळीस ताईंपैकी कोणी हे वाचत असेल, तर तुमच्या बुडालेल्या एका दिवसाची माफी मी आज इथे मागतो.

भेटू पुढच्या गुरुवारी. तो व्हिडिओ तयार आहे.